बिनतारी यंत्राचा दुभाषा

बीडहून केजकडे जातांना मांजरसुंबा मागें पडलें, कीं कांहीं वेळानें नेकनूर लागतें. आठवडी बाजारामुळें पंचक्रोशींत सर्वांच्या परिचयाचें असलेलें हें मोठें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या काळचे जमिनीचे कागद बहुधा उर्दूंत नाहीं तर मोडींत लिहिलेले असत. असा एखादा कागद आज जुन्या ट्रंकेंतून निघतो. कागद शाबूत असतो, शाई उठून दिसते, मोहोरही स्पष्ट असते. परंतु तो वाचून दाखविणारा मनुष्य गांठीं पडेपर्यंत घरच्यांना त्याचा कांहीं उपयोग नसतो. कागदांत दोष नसतो. त्याची भाषा जाणणारे नाहींसे झालेले असतात.

घरोघरच्या टेबलांच्या खणांत पडून असलेल्या एका आधुनिक वस्तूची गत अगदीं अशीच झाली आहे. संगणकाच्या यूएसबी खांचेंत बसवावयाचें तें वायफायचें लहानसें यंत्र. बाजारांत त्यास ‘वायफाय डोंगल’ म्हणतात. समजा, पुण्याच्या एका कुटुंबानें नवा संगणक घेतला आणि दहा-बारा वर्षांचा जुना संगणक नेकनूरच्या भाच्याकडे पाठविला. भाच्याला ‘महाडीबीटी’वर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे आणि मुदत संपत आली आहे. संगणकाच्या पोटांत वायफायची सोय नाहीं, म्हणून सोबत डोंगलही दिलें. पुण्यांत तें कालपरवांपर्यंत उत्तम चालत होतें. परंतु पाठविण्यापूर्वीं कोणी तरी जुनें विंडोज पुसून टाकलें व नवें घातलें, आणि नेकनूरला पोहोंचल्यावर डोंगलाचा दिवादेखील लागेना. दुकानदार म्हणतो, ‘जळालें असेल, नवें घ्या.’ हें निदान पुष्कळदां चुकीचें असतें. डोंगल धडधाकट असतें. हरवलेला असतो तो त्याचा दुभाषा. ह्या दुभाष्यास संगणकाच्या परिभाषेंत ‘ड्रायव्हर’ असें नांव आहे.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना डोंगलाची ओळख करून देणें फारसें कठीण नाहीं, कारण तें मुळांत एक रेडिओच आहे. किंबहुना रेडिओहून अधिक, कारण तें ऐकतें तसेंच बोलतेंही. मध्यम लहरींच्या केंद्रांची एकेक लहर कित्येकशें मीटर लांब असते. डोंगलाची लहर जेमतेम १२ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाहीं. ती सेकंदाला सुमारें २४० कोटी आंदोलनें घेते. १९३३ च्या बिनतारी तारायंत्रविषयक कायद्यानें घरांत साधा रेडिओ बाळगण्यासही परवाना लागे, आणि त्याची फी टपाल कचेरींत भरावी लागे, हें जुन्या पिढीस आठवत असेल. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यांत कमी शक्तीचीं यंत्रें वापरण्यास भारत सरकारनें जानेवारी २००५ मध्यें परवान्यांतून सूट दिली. वायफाय आपल्याकडे घरोघर निर्वेधपणें शिरलें तें त्यानंतर, आणि आज ‘जुनीं’ म्हणून बाजूला पडलेलीं डोंगलें बहुतेक त्यानंतरच्याच दशकांतलीं आहेत.

आतां दुभाष्याचें काम काय, तें पाहूं. डोंगलाच्या आंत एक चिप असते. कोणत्या लहरीवर जावें, किती जोरानें बोलावें, आलेला संदेश कोठें ठेवावा, ह्या सर्व आज्ञा त्या चिपला तिच्या खास बोलींत द्याव्या लागतात. प्रत्येक कारखानदाराची बोली निराळी, आणि एकाच कारखानदाराच्या दोन चिपांचीही कधीं कधीं निराळी. उलट, विंडोज किंवा लिनक्स ही जी संगणकाची मूळ व्यवस्था, ती सर्व यंत्रांशीं एकाच ठराविक रीतीनें व्यवहार करूं पाहते. ह्या दोहोंमध्यें बसून इकडचें तिकडे सांगणारा लहानसा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्यास दोन्ही भाषा यावयास हव्यात. पैकीं चिपची भाषा कधीं बदलत नाहीं. बदलते ती विंडोजची आणि लिनक्सची. एक्सपीच्या काळीं शिकलेल्या दुभाष्याला पुढील विंडोजची भाषा समजत नाहीं. ३२ बिटांच्या विंडोजसाठीं लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर मुळींच चालत नाहीं, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचेंच निघालें आहे. चिप जेथल्या तेथें असते आणि भोंवतालचें राज्य बदलतें. मराठवाड्याला हें निराळें समजावून सांगावयास नको.

ह्यांत एक सोय मात्र यूएसबीच्या कर्त्यांनीं आरंभापासून करून ठेविली आहे. (ह्या कर्त्यांतले एक अग्रणी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.) खांचेंत बसतांच प्रत्येक यंत्र आपलीं ओळख पटविणारे दोन आंकडे सांगतें: पहिला कारखानदाराचा, दुसरा मालाचा. ते चार-चार अक्षरांचे असून त्यांत अंकांबरोबर ए पासून एफ पर्यंतचीं अक्षरेंही येतात. संगणक ते आंकडे आपल्याजवळच्या ड्रायव्हरांच्या यादीशीं ताडून पाहतो. जुळले तर दुभाषा कामावर रुजू होतो, न जुळले तर यंत्र मुकें राहतें. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें अशा मुक्या यंत्रापुढें पिवळें उद्गारचिन्ह दिसतें. त्यावर उंदराची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यांत ‘डिटेल्स’ आणि त्यांत ‘हार्डवेअर आयडीज’ उघडलें, कीं ‘व्हीआयडी’ व ‘पीआयडी’ ह्या नांवांपुढें ते दोन आंकडे लिहिलेले सांपडतात. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही एक आज्ञा दिली, कीं तेंच काम होतें.

ह्या आंकड्यांचें महत्त्व वेष्टणावरील नांवापेक्षां कितीतरी अधिक आहे, आणि बहुतेकांची फसगत होते ती येथेंच. टीपी-लिंक कंपनीचें ‘टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन’ हें डोंगल भारतांत पुष्कळ खपलें. त्याच्या पहिल्या आवृत्तींत अथेरॉस कंपनीची एआर ९२७१ ही चिप होती. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तींत त्याच नांवाखालीं रिअलटेक कंपनीची आरटीएल ८१८८ ईयूएस ही चिप आली. पेटीवरचें नांव तेंच, आंतला मनुष्य दुसरा. पहिली आवृत्ति आपला आंकडा ‘शून्य-सी-एफ-तीन, नऊ-दोन-सात-एक’ असा सांगते. दुसरी ‘दोन-तीन-पांच-सात, शून्य-एक-शून्य-सी’ असा. नांव पाहून ड्रायव्हर उतरविणाऱ्याला कां अपयश येतें, हें आतां निराळें सांगावयास नको. आवृत्तीचा क्रमांक डोंगलाच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘व्हर’ ह्या अक्षरांपुढें छापलेला असतो; भिंग घ्यावें लागलें तरी घ्यावें.

पुढची अडचण मोठी चमत्कारिक आहे. ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर, आणि ड्रायव्हर नसल्यामुळें तर इंटरनेट नाहीं! विहिरींत उतरावयाचा दोर विहिरीच्या तळाशींच ठेवावा, तसा हा प्रकार. शहरांत शेजारच्या संगणकावरून फाईल पेनड्राइव्हवर घेतां येते. नेकनूरच्या भाच्याला तेंही करावयास नको, कारण खिशांतला मोबाईल हाच येथें खरा उपकारकर्ता ठरतो. चार्जिंगची तीच वायर मोबाईलला व संगणकाला जोडावी आणि मोबाईलच्या सेटिंगमध्यें ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. मोबाईलचें इंटरनेट वायरीवाटे संगणकांत येतें. ह्यासाठीं लागणारा दुभाषा विंडोज १० मध्यें आणि लिनक्समध्यें आधींपासूनच असतो. वायर मात्र केवळ चार्जिंगपुरती बनविलेली नसावी. स्वस्त वायरींत माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा कित्येकदां नसतातच. मुदत खरोखरच त्या रात्रीं संपत असेल, तर भाच्यानें डोंगलाच्या भानगडींत न पडतां ह्याच वाटेनें अर्ज भरून मोकळें व्हावें आणि डोंगलाकडे दुसरे दिवशीं वळावें.

विंडोजवर ड्रायव्हर शोधण्याचा क्रम असा असावा. प्रथम विंडोजचें स्वतःचें अद्यतन चालवून पाहावें. पुष्कळ जुन्या चिपांचे ड्रायव्हर त्या वाटेनेंच मिळतात. तेथें न मिळाल्यास डोंगलाच्या कंपनीच्या अधिकृत पानावर अचूक आवृत्ति पाहून घ्यावा, आणि तेथेंही नसल्यास मायक्रोसॉफ्टच्या अद्यतनांच्या कॅटलॉगमध्यें ते ओळखीचे आंकडे घालून शोध करावा. ह्या तीन दारांपलीकडे चौथें दार ठोठावूं नये. ‘आपल्या संगणकाचे सर्व ड्रायव्हर फुकट अद्ययावत करूं’ अशा जाहिराती करणारीं स्थळें असंख्य आहेत. ड्रायव्हर हा संगणकाच्या अगदीं गाभाऱ्यांत वावरणारा नोकर. तेथें त्याला कोणाचा अटकाव नसतो. अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या देण्याहून ही गोष्ट कमी धोक्याची नाहीं. ६४ बिटांच्या विंडोजनें व्हिस्टाच्या काळापासून सही नसलेले ड्रायव्हर नाकारण्याचा नियम केला तो ह्याचसाठीं. ती सहीची तपासणी बंद करून जुना ड्रायव्हर घुसविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानूं नये.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि विंडोज ११ च्या अटींत दहा-बारा वर्षांचे संगणक बसत नाहींत. म्हणून असे पुष्कळ संगणक आतां लिनक्सकडे वळत आहेत. लिनक्सच्या घरीं दुभाष्यांची व्यवस्था निराळी आहे. तेथें ड्रायव्हर कंपनीच्या पानावर शोधावयाचा नसतो. बहुधा तो मूळ प्रणालीच्या पोटांतच येतो. हें आपोआप मात्र घडलेलें नाहीं, आणि त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे.

आरंभीं बहुतेक कारखानदार आपल्या चिपची बोली गुप्त ठेवीत. लिनक्स वापरणाऱ्यांनीं मग विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या आंत बळेंच चालविण्याची ‘एनडिसरॅपर’ नांवाची युक्ति काढली. ती बरीच वर्षें कामचलाऊ म्हणून वापरांत होती, पण कधीं चाले, कधीं सारा संगणक गोठवी. कांहीं कंपन्यांनीं मात्र आपला ड्रायव्हर उघडा केला. झायडास व रालिंक हीं त्यांतलीं दोन नांवें. त्या आधारावर स्वयंसेवकांनीं ड्रायव्हर नव्यानें लिहिले. झायडासच्या चिपांचा ड्रायव्हर २००६ मध्यें, रालिंकचा जानेवारी २००८ मध्यें लिनक्सच्या मूळ प्रणालींत दाखल झाला. पुढें काय झालें? झायडास २००६ मध्येंच अथेरॉसनें विकत घेतली, अथेरॉस २०११ मध्यें क्वालकॉमनें, आणि रालिंक त्याच वर्षीं मीडियाटेकनें. कंपन्या गेल्या, त्यांचीं पानें गेलीं, विंडोजसाठीं त्यांनीं लिहिलेले ड्रायव्हर जुने होऊन पडले. लिनक्सच्या पोटांतले मात्र टिकले, कारण त्यांची भाषा एका घराण्याच्या मालकीची राहिली नव्हती. एखाद्या गांवांत मोडी जाणणारा एकच कारकून असावा आणि दुसऱ्या गांवांत मोडीची शाळा असावी, ह्यांत जो फरक तोच हा.

रिअलटेकच्या चिपांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे. त्या सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत जास्त घरांत. आणि त्यांचे ड्रायव्हर मात्र फार दिवस लिनक्सच्या उंबऱ्याबाहेर राहिले. २०१५ च्या सुमारास जेस सोरेन्सन ह्या प्रोग्रॅमरानें त्यांतल्या अनेक जुन्या चिपांना मिळून एकच ड्रायव्हर नव्यानें लिहावयास घेतला. इतरांनीं तो वाढविला, आणि २०२३ च्या आरंभींच्या लिनक्स आवृत्त्यांपासून वर सांगितलेल्या आरटीएल ८१८८ ईयूएस ह्या चिपेलाही तो ओळखूं लागला. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं लिनक्सवर निरुपयोगी म्हणून खणांत टाकलेलें डोंगल आज नव्या आवृत्तीवर कांहीं न करतां चालण्याचा संभव आहे. खण एकदां उघडून पाहण्यास हरकत नाहीं.

ज्या चिपांचा ड्रायव्हर अजूनही बाहेरचा आहे, त्यांच्या बाबतींत लिनक्स अद्ययावत झाल्यावर डोंगल एकाएकीं बंद पडतें, असा अनुभव येतो. कारण असें, कीं बाहेरचा ड्रायव्हर लिनक्सच्या त्या-त्या आवृत्तीसाठीं पुन्हां घडवावा लागतो. हें काम दर वेळीं आपोआप करणारी ‘डीकेएमएस’ नांवाची सोय डेल कंपनींत २००३ मध्यें तयार झाली. बाहेरचा ड्रायव्हर बसवितांना तिच्याच मार्फत बसवावा, आणि जुनी आवृत्ति लगेच काढून टाकूं नये. नवी रुसली, तर संगणक सुरू करतांना जुनी निवडतां येते.

कधीं कधीं ड्रायव्हर हजर असूनही यंत्र उठत नाहीं. पुष्कळ डोंगलांच्या चिपेला स्वतःची स्मृति नसते. दर वेळीं वीज मिळाल्यावर संगणकानें तिला तिचें काम नव्यानें पढवावें लागतें. तो पाठ ‘फर्मवेअर’ नांवाच्या निराळ्या फायलींत असतो. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध शाखा अशा खासगी मालकीच्या फायली तत्त्व म्हणून आपल्या मूळ तबकडींत ठेवीत नसे, आणि नवख्याची तेथेंच गाडी अडे. जून २०२३ मध्यें निघालेल्या तिच्या १२ व्या आवृत्तीपासून त्या फायली सोबत येऊं लागल्या. तत्त्वाला थोडी मुरड पडली हें खरें. पण ज्याच्या घरीं दुसरी वायर नाहीं, त्याच्या दृष्टीनें हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

आणखी एक गंमत. कांहीं डोंगलें खांचेंत बसतांच आपण वायफाय यंत्र आहों हें सांगतच नाहींत. तीं सीडीचें सोंग घेतात. त्या सोंगांत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, तो बसविला म्हणजे सोंग उतरतें. लिनक्सवर हें सोंग उतरविण्याचें काम ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्रॅम करतो. वायफायऐवजीं संगणकावर अकस्मात् नवी ‘डिस्क’ दिसूं लागली, तर डोंगल बिघडलें असें समजूं नये.

आतां देखभालीकडे वळूं. एकदां चाललेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा आणि डोंगलाला कागदाची चिठ्ठी बांधून तीवर चिपचें नांव व ते दोन आंकडे लिहावे. संगणक नेकनूरला पाठविणाऱ्या पुण्याच्या कुटुंबानें एवढें केलें असतें, तर भाच्याचा एक दिवस वांचला असता. विंडोजमध्यें डोंगल मधूनमधून झोपीं जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘पॉवर मॅनेजमेंट’खालची वीज वांचविण्याची परवानगी काढून घ्यावी. राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर असेल, तर अमेरिकेच्या नियमांवर बेतलेल्या डोंगलाला तो दिसणारच नाहीं, कारण तेथें ११ वाहिन्याच वापरतात. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला कीं काम भागतें.

लहरींच्या वाटेंतली भिंत हीही लहान बाब नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद असतात, आणि वीतभराहून आंखूड लहर त्यांत जिरून जाते. डोंगल संगणकाच्या पाठीमागें, भिंतीकडे तोंड करून बसविलेलें असेल, तर मग बोलावयासच नको. साधी यूएसबी वाढीव वायर घेऊन तें खिडकींत अगर दाराच्या चौकटीवर आणून ठेवावें. वायरींची एकूण लांबी पांच मीटरपेक्षां अधिक नसावी. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खांचेंत चालू असलेली डिस्क शेजारीं असली, तर तिचा गोंगाट नेमका ह्याच लहरींत मिसळतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ मध्येंच दाखवून दिलें आहे. त्या दोघांना शेजारीं बसवूं नये.

ड्रायव्हर जुना राहूं देण्यांत केवळ गैरसोय नाहीं, धोकाही आहे. बेल्जियन संशोधक मॅथी व्हानहूफ ह्यांनीं २०१७ मध्यें वायफायच्या डब्ल्यूपीए-२ ह्या कुलपांतील, आणि २०२१ मध्यें वायफायच्या मूळ रचनेंतीलच, दोष उजेडांत आणले. दुरुस्ती कांहीं ठिकाणीं मूळ प्रणालींत, कांहीं ठिकाणीं ड्रायव्हरमध्यें करावयाची होती. लिनक्सच्या पोटांतले बरेचसे ड्रायव्हर एका समाईक पायावर उभे असल्यामुळें पाया दुरुस्त झाला तेव्हां पुष्कळांची दुरुस्ती एकदम झाली. ज्यांच्या कंपन्याच विकल्या गेल्या, त्यांच्या विंडोजच्या ड्रायव्हरांना दुरुस्त करणार कोण?

सर्वांत जुन्या डोंगलांपैकीं कांहींना तर ‘वेप’ ह्या पहिल्या कुलपाखेरीज दुसरें कुलूप माहीतच नाहीं. तें कुलूप २००१ मध्येंच तज्ज्ञांनीं फोडून दाखविलें होतें. असें डोंगल चालावें म्हणून घरच्या राउटरचें कुलूप उतरवून ‘वेप’वर आणण्याचा मोह कित्येकांना होतो, आणि तो शिष्यवृत्तीच्या अर्जापुरता झाला तरी बँकेचा हिशेबही त्याच राउटरवरून जात असतो. तें डोंगल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रांत द्यावें, आणि दुसरें मिळेपर्यंत मोबाईलच्या वायरीवर काम चालवावें.